तक्त्यातून वगळलेला रकाना

किल्लेदार सरांची आणि माझी ओळख माझ्या पहिल्याच तक्त्यावरून झाली. मी नागपूरहून नुकताच जयपूरला त्यांच्या हाताखाली रुजू झालो होतो. आमचं ॲप डॉक्टरांची वेळ ठरवून देतं. तिसऱ्या पानावरून लोक परत फिरतात, हे मी आकड्यांनिशी दाखवलं आणि पान छोटं करा असं ऐटीत सुचवलं. सर म्हणाले, "तक्ता छान आहे. आता बस्सीला जाऊन येऊ."

जयपूरजवळच्या या गावात एका आजींच्या हाती आम्ही फोन दिला. तिसऱ्या पानावर जुन्या केस-पेपरचा नंबर मागितला, तशा त्या आत गेल्या. चष्मा आणि कागद सापडेपर्यंत पान बंद झालं होतं. "भैया, मुझसे तो सब मिट गया," त्या ओशाळून म्हणाल्या. सरांनी हात जोडून त्यांची माफी मागितली. भरलेली माहिती टिकून राहण्याची सोय आणि पान मोठ्याने वाचून दाखवणारं बटण, ही दोन्ही सरांनी त्यानंतर भांडून करून घेतली.

इथल्या पहिल्याच थंडीत मी तापाने फणफणलो, तेव्हा मानसरोवर भागातल्या त्यांच्या घरून आठवडाभर मऊ भात आला. डबा सर स्वतः स्कूटरवरून आणत. अशा माणसाशी मी कसा वागलो, तेही त्यांच्या या गौरवग्रंथात यायला हवं.

पुढे नवे साहेब आले. वाचून दाखवणारं ते बटण फार थोडे लोक वापरतात म्हणून महिनाभर काढून पाहिलं. तक्रारी घटल्या. बैठकीत तक्ता मीच मांडला. सरांनी एवढंच विचारलं, "तक्रारी कमी झाल्या, की तक्रार करणारेच गेले?" किती जण ॲप सोडून गेले, ते मला ठाऊक होतं. साहेबांच्या सांगण्यावरून तो रकाना मीच वगळला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत बसलो. बटण कायमचं गेलं, आणि सरांची रवानगी प्रशिक्षण विभागात झाली, जिथे शिकायला कोणी फिरकत नसे. आज सरांच्या साठीनिमित्त नेमलेल्या गौरव समितीचे अध्यक्ष तेच साहेब आहेत. शाल निवडायला आम्ही दोघं मिळून गेलो होतो.

गेल्या आठवड्यात फोटो मागायला सरांकडे गेलो. मधुमेहाने त्यांची नजर बरीच अधू झाली आहे. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला ते आमचंच ॲप उघडून बसले होते. फोन नाकाशी धरला होता, आणि बोट पुन्हापुन्हा उजव्या कोपऱ्यात जात होतं. ते बटण तिथेच असायचं. शेवटी त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तूच वाच रे." मी तिन्ही पानं मोठ्याने वाचली. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. ते मात्र चहा घेतल्याशिवाय मला सोडेनात.

तो वगळलेला रकाना मी या लेखासोबत समितीकडे दिला आहे. छापतील असं वाटत नाही. सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी शाबूत राहो, आणि आमच्या ॲपची गरज त्यांना पुन्हा कधीही न पडो.