भाजीचा रकाना

सुमन भोयर फोनवर "हॅलो" म्हणत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "आज भाजी कोणती केली?" साहेबाचा फोन असो, पुरवठादाराचा असो की घरचा. उत्तर नीट ऐकू आले तरच पुढचे बोलणे होई.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये धरणांची देखभाल पाहणारे एक सरकारी कार्यालय आहे. त्या तिथल्या भांडार शाखेत वरिष्ठ लिपिक होत्या. धरणांवर काम करणाऱ्यांसाठी बॅटऱ्या, गमबूट, रेनकोट आणि अलीकडच्या काळात मोबाइलची सिमकार्डे खरेदी करणे हे त्यांचे काम. कार्यालयात सगळे त्यांना भोयर मॅडम म्हणत.

त्यांची माझी ओळख त्यांना त्रास देणाऱ्या एका बातमीतून झाली. ती बातमी माझी होती.

मी तेव्हा एका दैनिकासाठी सरकारी कार्यालयांच्या बातम्या करत होतो. एका मोबाइल कंपनीचा प्रतिनिधी काही कागद घेऊन आला. धरणांवरच्या कर्मचाऱ्यांच्या सिमकार्डांसाठी निविदा निघाली होती. आपला दर सर्वांत कमी होता, तरीही तांत्रिक तपासणीतच आपल्याला बाद केले आणि दराचा लिफाफा उघडलाच नाही, असे त्याचे म्हणणे होते. बाद करण्याचे कारण म्हणून कार्यालयाने त्याला तपासणी रजिस्टरच्या प्रती दिल्या होत्या. त्यात तारीख, ठिकाण, वेळ असे रकाने होते आणि शेवटचा रकाना होता भाजीचा. वांगी, चवळी, बेसन, काही ठिकाणी नुसती रेघ.

मी भोयर मॅडमना फोन केला. त्यांनी भाजी विचारली. मी कामाचे विचारले. "मले बोलायची परवानगी नाही, साहेबाले विचारा," एवढेच त्या म्हणाल्या. 'भाज्या पाहून मोबाइल कंपनीची निवड' या मथळ्याखाली बातमी छापून आली. तिच्यातला एकही तपशील चुकीचा नव्हता.

आठवड्याभरात निविदा स्थगित झाली. भोयर मॅडमना कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि चौकशीसाठी दुसऱ्या जिल्ह्यातला अधिकारी नेमला गेला. मॅडमच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. चौकशी त्यांच्या विरोधात गेली असती, तर पेन्शनची कागदपत्रे अडकली असती. पण नोटीस मिळाल्यावर त्यांनी साहेबांना विचारले ते वेगळेच: पावसाळ्याआधी सिमकार्डे धरणांवर पोचतील का? हे मला नंतर कार्यालयातल्या शेंडे नावाच्या शिपायाने सांगितले.

एके दिवशी माझा फोन वाजला.

"आज भाजी कोणती केली?"

"भेंडी," मी म्हणालो.

"आलं ऐकू. साहेबाची परवानगी घेतली मी. उद्या सकाळी साडेसातले बसस्टँडवर या, पत्रकार साहेब. तिकीट आपापलं."

पारशिवनीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत तीन स्वस्तातले फोन. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचे रबर लावलेले. मी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनीही तो विषय काढला नाही. त्या काटोलकडच्या शेतकरी घरातल्या, राहायला मनीषनगरला. सासू अंथरुणावर असल्यामुळे सकाळी चारला उठतात, हे बोलता बोलता कळले. मग त्यांनीच कामाचे सुरू केले.

"माझ्याआधी हे कसं चाले, सांगू? मागच्या वेळची निविदा काढायची, तारीख बदलायची. कंपनीचा माणूस ऑफिसात ये, साहेबाच्या टेबलावरून फोन लावून दाखवे. सिव्हिल लाइनीत कोणताही फोन लागते हो! ज्याले फोन पायजे तो काय साहेबाच्या टेबलावर बसून राहते?"

परिणाम असा झाला होता की धरणांवरच्या बहुतेकांनी सरकारी सिमकार्ड पेटीत ठेवून दिले होते. त्याचे रिचार्ज मात्र वर्षानुवर्षे नियमित होत होते.

धरणावर उईके नावाचा कर्मचारी भेटला. पाणी वाढले की दरवाजे उघडायचे आणि त्याआधी खालच्या गावांना कळवायचे, हे त्याचे काम. त्याने आम्हाला बांधाच्या टोकाला असलेल्या मोहाच्या झाडाखाली नेले. त्या झाडाला तिथले लोक 'टॉवर' म्हणत. सरकारी फोन लागला तर तिथेच लागे.

"फोन करायचा तर मी इथं पायजे," उईके म्हणाला. "दरवाजा उघडायचा तर मी तिथं पायजे. अन् मी तं एकटाच हाव."

तो 'तिथं' दाखवत होता ती चौकी झाडापासून बरीच लांब होती. आम्ही चौकीत गेलो. योगायोगाने माझ्या खिशातला फोन बाद झालेल्या कंपनीचाच होता. त्यावर चारही काड्या दिसत होत्या.

"रेंज तर आहे," मी म्हणालो.

"काड्या पाहून काय करता? बोलून पाहा."

मी त्यांच्या कार्यालयाचा नंबर लावला आणि फोन उईकेच्या हातात दिला. उईकेने तीनदा भाजी सांगितली. पलीकडून शेंडे तीनदा "हॅलो, कोण बोलून राह्यलं?" म्हणाला आणि फोन तुटला. मग मॅडमनी लाल रबराचा फोन काढला. ते सिमकार्ड पात्र ठरलेल्या कंपनीचे होते.

"चवळी," उईके म्हणाला.

"त्यात आलू टाकला का नाही गा, उईके भाऊ?" शेंडेचा आवाज साऱ्या चौकीत ऐकू आला.

मॅडमनी रजिस्टरमध्ये लिहिले: चवळी. तिकडे शेंडेही त्याच्या रजिस्टरमध्ये ऐकलेली भाजी लिहीत होता. परतल्यावर दोन्ही रजिस्टरे समोरासमोर ठेवून जुळवायची, अशी त्यांची पद्धत. जुळले तर पास. माझ्याकडे आलेल्या प्रती एकाच रजिस्टरच्या होत्या. दुसरे आहे का, हे मी विचारले नव्हते.

"आवाज येते का विचारलं तं माणूस अंदाजानं हो म्हणून देते," त्या म्हणाल्या. "भाजी अंदाजानं सांगता येत नाही."

माझी दुसरी बातमी पहिलीइतक्याच लांबीची छापून आली. चौकशीवर तिचा काय परिणाम झाला, ते मला सांगता येणार नाही. परिणाम झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जबाबाच्या आदल्या दिवशी मॅडमनी सगळी पाने पुन्हा जुळवली. एका धरणाच्या नोंदीत त्यांच्याकडे 'बेसन' होते आणि शेंडेचा रकाना कोरा. तरीही समोर 'पास' लिहिले होते, त्यांच्याच अक्षरात. म्हणजे पात्र ठरलेल्या कंपनीला एक ठिकाण फुकट मिळाले होते. त्यांनी तशी टिपणी लिहून चौकशी अधिकाऱ्याला दिली.

मला हे कळले तेव्हा मी म्हणालो, "आपल्या हाताने कशाला दिलीत? कोणी पाहिलं नसतं."

"काहून? चूक माही हाय, तं टिपणी दुसरा कोण लिहीन?"

चौकशी अधिकारी स्वतः त्या धरणावर गेले. फोन खरोखरच लागला नाही. त्या एका ठिकाणासाठी दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड घ्यावे, बाकी निवड योग्य आहे आणि दोन रजिस्टरांची पद्धत पुढेही चालू ठेवावी, असा अहवाल त्यांनी दिला. नोटीस मागे घेण्यात आली. सिमकार्डे जूनमध्ये वाटली गेली.

जुलैच्या शेवटच्या दिवशी भोयर मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मीही होतो. साहेबांचे भाषण चालू असताना भांडार शाखेतला फोन वाजू लागला. शेंडे धावत गेला आणि तसाच परत आला. "मॅडम, उईके हाय. चौकीतून बोलून राह्यला."

गळ्यातला हार तसाच ठेवून त्या उठल्या आणि भांडार शाखेत गेल्या; मागोमाग आम्हीही. साहेब थांबले. शेंडेने फोनचा स्पीकर सुरू केला. मागे पाण्याचा मोठा आवाज येत होता.

"उईके, आज भाजी कोणती केली?"

"भाजी कायची, मॅडम! सकाळपासून पाणी चढून राह्यलं. खालच्या तिन्ही गावांले इथूनच फोन केला. नदीतले लोक अन् ढोरं वर आले, मंग दरवाजे उघडले. अजून जेवलो नाही मी."

"बरं. जेवून घे आता."

त्यांनी फोन ठेवला. टेबलावरचे रजिस्टर पुढे ओढले, तारीख, ठिकाण आणि वेळ लिहिली. भाजीच्या रकान्याशी त्या क्षणभर थांबल्या. मग तिथे लिहिले, 'जेवण बाकी', समोर 'पास' लिहून सही केली आणि रजिस्टर शेंडेच्या हातात दिले.