ऑइल मीच बदलणार!

आमच्या धारवाडच्या कंपूत कुठलाही विषय काढा, निवडणूक काढा, कुणाचं बारसं काढा, नाहीतर कुणाचं दहावं काढा, चहाचा दुसरा कप येईपर्यंत गप्पा अण्णाच्या गाडीवर येतातच. किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही हो. एखादा माणूस हट्टाला पेटला की ते आपोआप साठत जातात. आणि अण्णानं तर गाडीचं इंजिन ऑइल स्वतः बदलायचा हट्ट धरला होता! मग काय, आम्हाला वर्षानुवर्षं करमणुकीला दुसरं काही लागलंच नाही.

अण्णा म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. धारवाडच्या कोर्टात वकिली, घर सप्तापुरात. बायको सुधाअक्का. शेजारी नाडगीर सर, केमिस्ट्रीचे प्राध्यापक. आणि मी हुबळीचा, केशवापुरात राहतो, भांड्यांचं दुकान आहे. रविवारी सकाळची बस धरून मी सप्तापुरात हजर! आमची ही विचारायची, "तिथं काय नाटक असतं का दर आठवड्याला?" मी म्हणायचो, "असतं की! आणि तिकीटही नाही."

*

गाडी आली नव्वदीच्या सुरुवातीला. हुबळीच्या एका म्हाताऱ्या कापूसवाल्या शेठजींची. क्रीम रंगाची, डिझेलवर चालणारी, लांबलचक जर्मन गाडी. आतून लाकडी पट्ट्या, बसलं की माणूस सोफ्यात रुतावा तसा रुतायचा. शेठजींच्या मुलांना ती नको होती, अण्णाला ती कॉलेजात असल्यापासून हवी होती.

पहिल्या सर्व्हिसिंगला अण्णा हुबळीच्या एका गॅरेजात घेऊन गेला. मी बरोबर होतो. मिस्त्रीनं गाडीभोवती चक्कर मारली, बॉनेट उघडलं, आत पाहिलं, बॉनेट हळूच मिटलं आणि चक्क हात जोडले. म्हणाला, "इदक्क कै हच्चाक अंजिकी बरतदरी!" म्हणजे, हात लावायलाच भीती वाटते साहेब!

अण्णा तिथंच पेटला. "जन्मभर लोकांच्या भानगडीत हात घालतोय मी. माझ्याच गाडीत घालायला कुणाच्या बापाची भीती? ऑइल मीच बदलणार!"

घरी येऊन त्यानं हे अक्काला सांगितलं. अक्का भाजी चिरत होती. तिनं मान वर न करता एवढंच विचारलं, "आणि अंगण कोण धुणार?"

*

गाडीबरोबर एक जाडजूड मॅन्युअल मिळालं होतं. ते होतं जर्मनमध्ये! पण नाडगीर सरांनी पीएच.डी.च्या वेळी जुने शोधनिबंध वाचायला जर्मन शिकून घेतलं होतं. ते म्हणाले, "मी वाचतो, तुम्ही करा."

झालं! पुढची चाकं दोन दगडी चिऱ्यांवर चढवली. अण्णा जुना लेंगा घालून गाडीखाली. इंजिनाच्या पोटाला खाली एक बोल्ट असतो, तो काढला की जुनं ऑइल वाहून जातं. त्याला ड्रेन प्लग म्हणायचं. अण्णाचा पाना त्या प्लगवर, आणि सर बाहेर वेताच्या खुर्चीत, चष्मा नाकावर, मॅन्युअल मांडीवर.

"पुढं काय लिहिलंय सर?"

"थांबा... वा! अहो, काय सुंदर वाक्य आहे!"

"अहो, अर्थ सांगा!"

"सांगतो की. इतकं लांब वाक्य, पण एक शब्द जास्त नाही..."

"सर, हा सैल झाला, अर्थ!"

"अर्थ असा की, प्लग सैल करण्यापूर्वी त्याखाली पुरेसं मोठं भांडं ठेवावं."

तोपर्यंत सगळं ऑइल अण्णाच्या छातीवर.

*

पुढच्या वेळी भांडं ठेवलं. पण कुठलं? तर अक्काचं पुरणाचं पातेलं! अण्णाचं म्हणणं, "पुरेसं मोठं भांडं घरात तेवढं एकच होतं. मी मॅन्युअलप्रमाणे गेलो."

अक्कानं पातेलं पाहिलं. आरडाओरडा नाही, काही नाही. ते उचललं आणि गाडीच्या पुढच्या सीटवर नेऊन ठेवलं. "आता हे हिचंच. पुरणही हिच्याकडूनच मागून खा!"

त्या होळीला अण्णाला पोळी मिळाली नाही. मी हुबळीहून नवं पातेलं घेऊन गेलो, तेव्हा कुठं अक्का बोलायला लागली. तेही माझ्याशी!

*

काळं झालेलं जुनं ऑइल फुकट जात नाही हं. वाळवी लागू नये म्हणून लोक ते लाकडाला फासतात. अण्णानं ऑइल बदललं की गल्लीतले लोक डबे घेऊन रांगेत! कुणी खाटेला लावतंय, कुणी दाराच्या चौकटीला.

समोरच्या जोशीबाई शाळेत हेडमिस्ट्रेस. त्यांनी आपलं लाकडी फाटक चांगलं दोन हात देऊन माखलं. आणि त्याच दिवशी दुपारी त्यांच्या भाचीला बघायला मंडळी आली. नवऱ्या मुलाचे काका फाटकाला टेकून उभे राहिले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्री! वळले तर मागं सगळा अंधार.

जोशीबाईंना ब्रह्मांड आठवलं. काकांना आत नेलं, आपल्या नवऱ्याचं धोतर नेसायला दिलं, त्यांचं धोतर सोडा लावून धुतलं आणि वाळत घातलं. आता ते वाळेपर्यंत काका जाणार कुठं? एरवी ही माणसं पोहे खाऊन "कळवतो" म्हणून सटकणारी! पण त्या दिवशी सगळ्या गप्पा झाल्या, कुळं निघाली, आत्या ओळखीच्या निघाल्या. धोतर वाळेपर्यंत लग्न ठरलं!

लग्नाच्या पत्रिकेबरोबर अण्णाला निरोप आला, "वकीलसाहेब, धाकटीचंही बघायचंय. पुढचं ऑइल कधी?"

*

एकदा तर कहर झाला. ऑइल काढून झालं, नवीन ओतलं आणि अण्णा फोन आला म्हणून आत गेला. सरांना वाटलं, ओतायचं राहिलंय. शेजारधर्म म्हणून त्यांनी दुसरा डबा ओतला.

अण्णानं गाडी सुरू केली आणि जो धूर निघाला, बाप रे! निळापांढरा, दाट, सगळं सप्तापूर गायब! भाड्याच्या खोल्यांतली पोरं गच्चीवर, बायका खिडक्या लावतायत, कुणीतरी ओरडलं, "डासांची गाडी आली रे!"

अण्णा खजील होऊन दोन दिवस घराबाहेर पडला नाही. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा दुकानदार स्वतः घरी आला. "साहेब, फार बरं केलंत, डास गेले की! आता दर महिन्याला येणार का तुमची गाडी?"

*

कोर्टात अण्णाचा दरारा होता बरं का. उलटतपासणीत भले भले घामाघूम व्हायचे. एकदा अपघाताच्या केसमध्ये समोरचा साक्षीदार होता एक मेकॅनिक. अण्णा कोट सावरत पुढं गेला, बोट रोखलं आणि गरजला, "इंजिनातलं तुम्हाला कळतं किती?"

साक्षीदारानं त्या रोखलेल्या बोटाकडं पाहिलं. काळं नख, नखाच्या कडेनं ग्रीस. कालच रविवार होता!

"निमगिंत स्वल्प कडिमी री," तो नम्रपणे म्हणाला. तुमच्यापेक्षा थोडं कमीच!

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला म्हणतात.

*

अक्काच्या आईला आम्ही सगळे अज्जी म्हणायचो. शेवटची काही वर्षं त्या लेकीकडंच होत्या. त्यांची कंबर धरलेली, रिक्षात बसल्या की कळवळायच्या. एकदा केशवापूरच्या डॉक्टरांकडं न्यायचं म्हणून अण्णानं त्यांना गाडीत मागं बसवलं. हुबळीपर्यंत अज्जी गाढ झोपल्या! उतरताना म्हणाल्या, "जावईबापू, ही गाडी आहे का पाळणा?"

झालं, तेव्हापासून दर गुरुवारी अज्जींना काहीतरी व्हायचं. कधी छातीत, कधी गुडघ्यात, कधी नुसतंच "कसंतरी". शेवटी डॉक्टर वैतागले. "अज्जी, तुम्हाला काहीही झालेलं नाही!"

"मला माहीत आहे की रे बाळा," अज्जी म्हणाल्या. मग अण्णाकडं वळल्या, "चला. जाताना तळ्याशी जरा थांबवा."

वाटेत उणकलचं तळं लागतं. तिथं गाडी थांबवायची, काच खाली करायची, अज्जी मागच्या सीटवरून पाणी बघत बसायच्या आणि अक्का त्यांच्या शेजारी. मायलेकी काय बोलायच्या कुणास ठाऊक. अण्णा बिचारा बाहेर बॉनेटला टेकून उभा राहायचा. अज्जी गेल्या तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच फार चुकल्यासारखं झालं. गुरुवार मोकळे पडले. ऑइल बदलायचं मात्र सुरूच होतं, आणि अक्काचं कुरकुरणंही.

*

आता शेवटचा किस्सा. हा सांगताना मला अजून नीट बसवत नाही.

त्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी अण्णानं ऑइल बदललं. थोडं सांडलं, त्यानं वर माती टाकली आणि विसरला. दुसऱ्या दिवशी अक्का गौर घेऊन अंगणातून घरात आली. दारात रांगोळीची नाजूक पावलं काढलेली, आणि त्यांच्या शेजारून, उंबऱ्यापासून थेट देवघरापर्यंत, अक्काची काळीकुट्ट पावलं!

नाडगीर सरांनी तेव्हा गप्प बसावं की नाही? ते म्हणाले, "अक्का, यंदा गौर खरोखरच चालत आली!"

अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिला इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती अण्णाला म्हणाली, "दसऱ्याच्या आत ही गाडी गेली पाहिजे. अंगणात एक तर ती राहील, नाहीतर माझी रांगोळी."

आणि अण्णानं ऐकलं! हाच तो हट्टी माणूस! त्यानं गुपचूप गिऱ्हाईक शोधलं. कलघटगीचे एक गौडा, भाताची गिरणी असलेले. त्यांना गाडी खंडेनवमीलाच हवी होती, गिरणीतल्या यंत्रांबरोबर तिचीही पूजा करायला. "दुपारी येतो," असा त्यांचा निरोप आला.

नवमीच्या सकाळी मी पोचलो तर अण्णा गाडीखाली. "अरे, आज विकायची ना?" तर म्हणतो, "जाईल ती नव्या ऑइलवर जाईल. लोकांनी म्हणायला नको, वकिलानं तशीच दिली."   त्यानं प्लग काढला, तो, पाना आणि गळू नये म्हणून प्लगला असते ती तांब्याची चकती, वायसर, असं सगळं चिऱ्यावर ठेवलं, ऑइल थेंब थेंब निथळू दिलं आणि तो आंघोळीला गेला.

बाहेर येऊन बघतो तर प्लग नाही! वायसर नाही, पाना नाही. अण्णा, मी आणि धावत आलेले सर, आम्ही तिघं गाडीखाली, कुंडीत, गटारात शोधतोय. गौडांची जीप दारात आली तरी आम्ही गुडघ्यांवरच!

तेवढ्यात आतून घंटा वाजली.

देवघरात पाट मांडलेला. त्यावर विळी, कात्री, सरांच्या प्रयोगशाळेतलं एक चंचुपात्र, आणि मधोमध पाना, प्लग आणि त्याचा तांब्याचा वायसर. हळदकुंकू लावलेले, झेंडूची फुलं वाहिलेली. तो वायसर तर चिंचेनं घासून असा लखलखीत केलेला की, नव्या भांड्यांतही मी तसा तांबा पाहिला नव्हता. ज्या बाईनं आजवर त्या पान्याला बोट लावलं नाही तिनं!

"अगं सुधा, प्लग दे. गौडा आलेत."

"पूजा झाली," अक्का शांतपणे म्हणाली. "नवमीला पूजेला बसलेली आयुधं दसऱ्याला उठतात. आज हात लावायचा नाही."

अण्णानं गौडांकडं पाहिलं. पण गौडा चपला काढून केव्हाच हात जोडून उभे! "पूजा आगेद, मुट्टबारदु," ते म्हणाले. पूजा झालीय, शिवायचं नाही. "हरकत नाही अक्का. मी उद्या येतो."

"उद्या दसरा. दसऱ्याला घरातलं वाहन घराबाहेर देतात? तुम्ही द्याल तुमचा ट्रॅक्टर?"

गौडांनी विचार केला. "कोडूदिल्लरी," ते प्रामाणिकपणे म्हणाले. नाही देणार!

"मग जेवायला बसा."

गौडा पोटभर पुरणपोळी जेवले. निघताना अण्णाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, गाडी विकायची आहे हे अक्कांना सांगितलंय ना?"

"अहो, तिनंच तर विकायला लावलीय!"

गौडा नुसते हसले, जीपमध्ये बसले आणि गेले. पुन्हा काही आले नाहीत.

दसऱ्याला संध्याकाळी अक्कानं पाटावरचा प्लग स्वतः उचलला आणि अण्णाच्या हातावर ठेवला. अण्णानं तो बसवला, सरांनी ऑइल ओतलं, एकदाच! मला बन्नी, म्हणजे दसऱ्याला सोनं म्हणून वाटतात ती शमीची पानं, द्यायला गाडी केशवापूरला निघाली असं अण्णाचं म्हणणं, पण मी तर तिथंच होतो!

अक्का इरकली साडी नेसून बाहेर आली. ओंजळभर बन्नीची पानं होती. पहिलं पान तिनं बॉनेटवर ठेवलं आणि पुटपुटली, "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण." सोन्यासारखं राहू या! मग मागचं दार उघडून आत बसली, अज्जी बसायच्या त्या बाजूला.

अण्णानं आरशातून भीत भीत विचारलं, "म्हणजे... विकायची नाही ना?"

अक्कानं काच खाली केली.

"जाताना तळ्याशी जरा थांबवा," ती म्हणाली.