दादाचं जस्त आणि चिलापी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सूसच्या फ्लॅटमध्ये, दादानेच आदल्या दिवशी आणून दिलेली चिलापी साफ करत होते. हात खवल्यांनी भरलेले, म्हणून फोन कोपरानेच स्पीकरवर टाकला. "वन्सं, हे गेलं..." एवढंच ती बोलली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मासे तसेच फ्रीजमध्ये ठेवून मी निघाले. रिक्षात मला रडू आलं नाही, रागच आला. हा माणूस आयुष्यभर कुणाला न विचारता सगळं करत आला आणि जातानाही त्याने तेच केलं.

विलासदादा माझा थोरला भाऊ. आम्ही मूळचे माले गावचे. मी शिकून शिक्षिका झाले. तो घोटावड्यात गॅल्व्हनायझिंगच्या शेडमध्ये कामाला लागला आणि पुढे ती शेडच त्याने विकत घेतली. लोखंडी पाइप वितळलेल्या जस्तात बुडवायचा आणि चकचकीत करून बाहेर काढायचा, हे त्याचं काम. बाहेर आलेल्या पाइपावरून हात फिरवत म्हणायचा, "ह्यो आता नातवंडांना पुरंल." स्वतःला मूलबाळ नव्हतं, तरी हेच म्हणायचा. मग घराघरांत प्लॅस्टिकचे पाइप आले आणि धंदा बसला. प्लॅस्टिकशी त्याने कायमचं वैर धरलं. माझ्या बाथरूममधली बादलीसुद्धा तो पायाने बाजूला सारायचा, जणू तिनेच त्याची गिऱ्हाइकं पळवली होती!

शेड बंद पडल्यावर जागेसाठी बिल्डर खेटे घालू लागले. मीही म्हटलं, विकून टाक, आराम कर. तर म्हणाला, "मंदा, शेड इकली तर सकाळी उठून मी जाऊ कुटं?" मग तो कुठूनसं मत्स्यपालनाचं प्रशिक्षण घेऊन आला आणि कामाला लागला. पाइप धुवायचे ॲसिडचे हौद फोडले, खालची माती खणून रीतसर विल्हेवाटीला पाठवली, नवी फरशी घातली, वर गोल टाक्या बांधल्या. तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरायचं, माशांच्या घाणीचं पाणी शेजारच्या भातखाचरांना द्यायचं, पंप छपरावरच्या सौर विजेवर चालवायचे. हे सगळं तो मला इतक्या वेळा समजावून सांगे, की मीच दुसऱ्यांना सांगायला लागले होते. टाक्यांना पाइप अर्थातच त्याच्या हातचे, जस्ताचे, शेवटच्या खेपेतून जपून ठेवलेले.

चिलापीची पिल्लं सोडली आणि थोड्याच दिवसांत ती उलटी तरंगू लागली. पाणी तपासलं, तर पाइपांचं जस्त पाण्यात उतरत होतं. माणसाला त्याचं काही नाही, पण माशांना ते विष. दादाचा फोन आला. "त्या तपासनीवाल्यांचं डोस्कं फिरलंय. जस्तानं कुनाचं वाईट केलंय का कदी?" मी म्हटलं, "ते माशांना विचार." त्याने फोन आपटला. पण विचारलं मात्र माशांनाच. दोन बादल्यांत पिल्लं सोडली, एकीत त्याच्या पाइपाचा तुकडा, दुसरीत प्लॅस्टिकचा. नंतरच्या फोनवर आवाज अगदी खाली आला होता. "माज्या पाइपातली गेली गं... पलास्टिकमदली पळत्यात. बदलावं लागत्याल." पुन्हा तो विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मासे जगले, वाढले, खानावळवाले नेऊ लागले. गुडघ्यांमुळे माझं तिकडे जाणं राहिलंच. तोच पिशवी घेऊन सूसला यायचा.

दादाच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि बिल्डरचा माणूस परत आला. वहिनीचं विकायचं जवळजवळ ठरलं होतं. "मला ह्यातलं काय कळतंय, वन्सं?" म्हणाली. एकदा शेड बघून मग होकार देऊ, म्हणून मला बरोबर घेऊन गेली. तो माणूस बाहेर गाडीपाशी थांबला. आत गेले आणि दारातच थबकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे पाइप चंदेरी! म्हणजे दादाने बदललेच नाहीत? मग मासे जगले कसे? मी बांगडीने एका पाइपावर ठोकलं. लोखंडासारखा खणखणला नाही, नुसता बद्द वाजला.

दादाचा जुना कामगार किसन हसू दाबत म्हणाला, "पलास्टिकच हाय, ताई. मालकांनी सुट्टीच्या दिवशी एकट्यानं भायेरनं चंदेरी रंग मारलाय. आमाला म्हनले, कुनाला सांगू नगा."

मी हसले. हसता हसताच रडू फुटलं, तो गेल्यानंतर पहिल्यांदा. माझा दादा हरला होता आणि हरल्यावर त्याने हे केलं होतं...

वहिनी मात्र हसली नाही. तिलाही हे ठाऊक नव्हतं. एकेका पाइपावरून हात फिरवत ती शेवटपर्यंत गेली. तिथे फुटलेल्या जागी किसनने परवाच नवा तुकडा जोडला होता, पांढराफटक. त्यापाशी ती थांबली.

"रंग उरलाय का रं?"

किसनने डबा आणि ब्रश आणून दिला. वहिनीने पदर खोचला.

"वन्सं, त्या गाडीवाल्याला सांगून या, जागा इकायची न्हाई. आन् येताना जरा लांबनं या, वल्ला रंग हाय."