गोदीचं शेणखत

तळेगाव ढमढेऱ्याच्या शिवारात सोजराबाईच्या मळ्याचे दोन भाग होते. खालची सगळी जमीन मुलगा ईश्वर करायचा. तिथं फ्लॉवर असायचा आणि त्याला युरिया, डीएपी, ठिबकमधून सोडायची खतं. पीक असं तरारून यायचं की रस्त्यानं जाणारा मान वळवून बघायचा. विहिरीलगतचा वरचा तुकडा मात्र सोजराबाईनं नवरा गेल्यावरही आपल्या हातात ठेवला होता. तिथं मेथी आणि वांगी, आणि खत फक्त गोदीचं.

गोदी ही तिची गाय. तिचं शेण, गोमूत्रानं भिजलेला पाचोळा, चुलीतली राख असं सगळं सोजराबाई उकिरड्यात थरावर थर घालून कुजवायची. पुरतं कुजलं की ते खत चहाच्या भुकटीसारखं भुरभुरीत व्हायचं, त्याला वास म्हणून राहायचा नाही.

"आई, तुझी वांगी फुलावर येईस्तोवर माझा फ्लॉवर मार्केटात पोचतोय," ईश्वर म्हणायचा.

"पोचू दे की. पर एक पाणी चुकलं तर तुझं रान कसं दगडावानी व्हतंय. माझ्या रानात हात घालून बघ, मऊ लागतंय."

दोघांचंही खरं होतं, म्हणून वाद कधी मिटला नाही आणि भांडणापर्यंत गेलाही नाही.

त्या उन्हाळ्यात गोदी गाभण होती. एका दुपारी ईश्वरनं ठिबकला सोडायला पसरट टोपातल्या पाण्यात युरिया कालवला आणि लाईट आली म्हणून मोटर चालू करायला तो विहिरीकडे गेला. सोजराबाई वांगी तोडत होती. उन्हाचा कडाका, गोदीला पाणी दाखवायचं राहून गेलं होतं. गाईनं हिसका देऊन दावं तोडलं आणि समोर दिसलं ते पाणी ती घटाघटा प्यायली.

ईश्वर परतला तेव्हा टोप तळाला गेला होता. थोड्याच वेळात गोदी थरथरायला लागली. पोट फुगलं, तोंडाला फेस आला. ईश्वरनं जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. "मी निघालोच. तोवर थंड पाणी आणि व्हिनेगर पाजा, जेवढं असेल तेवढं," ते म्हणाले.

सून शितल घरात पळाली. मुलांच्या नूडल्ससाठी आणलेली व्हिनेगरची बाटली तेवढी सापडली, तीही अर्धीच. ईश्वरनं गाईचं तोंड धरलं, शितलनं बाटली ओतली. सोजराबाई गोदीचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि "गोदे, पी गं, पी माझी बाय," एवढंच म्हणत राहिली. डॉक्टर आले तेव्हा गाय शांत झाली होती. पोटातलं वासरूही गेलं.

बांधाच्या कडेला जेसीबीनं खड्डा काढला. सोजराबाईनं गोदीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, वरून मिठाची पोती ओतली. ईश्वर लांब उभा होता, जवळ यायला धजत नव्हता. तिनंच त्याला हाक मारली.

"तू मुद्दाम केलं का? तिला तहान लागली, ती प्याली. पाणी दाखवायचं माझ्याच्यानं राहिलं."

पण त्या दिवसापासून दोघांतला वाद बंद झाला. ईश्वरला तो हवासा वाटायचा.

ईश्वरनं दुसरी गाय आणू म्हटल्यावर सोजराबाईनं मान हलवली. "आता न्हाई. माझ्यात जीव न्हाई राहिला तेवढा." मग त्यानं यवतकडच्या एका गोठ्यावरून शेणखताची ट्रॉली आणली. सोजराबाईनं मूठभर उचलून कुस्करून पाहिलं. खत कच्चं होतं, पेंढ्याच्या काड्या तशाच, मधे प्लास्टिकच्या चिंध्या. पोरानं एवढ्या लांबून आणलं म्हणून तिनं ते परत धाडलं नाही. चिंध्या वेचून तिनं ते रानात पसरलं आणि मेथी टाकली.

मेथी उगवली, पण पिवळी पडली, वाढेना. कच्चं खत कुजताना रानातला कसच ओढून घेतं, असं होणार हे तिला ठाऊक होतं. एका सकाळी ती घमेलं घेऊन ईश्वरपुढे आली.

"ह्यात वाईच युरिया दे."

ईश्वरनं घमेलं हातात घेतलंच नाही. "आई, राहू दे. मेथी गेली तर गेली."

"जाऊ कशी दिऊ? उगवलीय ती."

तो पोत्यापाशी गेला आणि तिथंच खाली बसला. घमेलं शितलनं भरून दिलं. सोजराबाईनं ते स्वतःच्या हातानं फोकलं, पाणी दिलं, हात दोनदा साबणानं धुतले. आठवड्यात मेथी हिरवीगार झाली.

बाजारात तिच्या नेहमीच्या गिऱ्हाइकानं, पेठेतल्या एका मास्तरीणबाईंनी, जुडी उचलली. "आजी, शेणखताचीच ना?"

"न्हाई बाई. औंदा युरियाची हाय."

बाईंनी जुडी अलगद खाली ठेवली आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणाल्या. सोजराबाईनं जुड्यांवर पाणी शिंपडलं. तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळी मेथी खपली. मोकळी पाटी मांडीवर घेऊन ती जीपमध्ये बसली, आणि मळ्याच्या फाट्यावर उतरायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.