कॉम्प्युटर माझा, उत्तरं नवऱ्याला

मैत्रिणींनो, आज माझं डोकंच फिरलं. गेम खेळायला चांगला कॉम्प्युटर जुळवून घ्यावा म्हणून मी नवऱ्यासोबत अर्जुनीहून गोंदियाला गेले.

दुकानात ग्राफिक्स कार्डाचं मी विचारलं, दुकानदाराने उत्तर नवऱ्याला दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. शेवटी तो म्हणाला, "भैया, भाभी के लिए टीवी पे खेलने वाला कन्सोल ले लो. कॉम्प्युटर इनसे संभलेगा नहीं."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ऑफिसचा बंद पडलेला कॉम्प्युटर मागच्याच महिन्यात मी सुरू करून दिला होता.

तो म्हणाला, "बरोबर सांगून राहिला तो. कन्सोलच घेऊ."

मी काहीही न घेता बाहेर पडले. गाडीत बसल्यावर तो विचारतो, "चिडली काऊन तू?"

दुकानदार तर परका होता. पण घरच्या माणसाला हे कसं समजावता तुम्ही?