परबांच्या डब्यावरचा लाल ठिपका

विष्णू परब बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहत नसत, ओठांकडे पाहत. नवख्या माणसाला ते अवघड वाटे. कुणी उगाच मिशीवरून हात फिरवी, कुणाला वाटे आपल्या दातात काही अडकले आहे. परबांची एकोणीस वर्षे गिरणीच्या साळखात्यात गेली होती. तिथे शेकडो माग एकाच वेळी चालत आणि शेजारच्या माणसाची हाकही ऐकू येत नसे. त्यामुळे साळखात्यातले कामगार ओठ वाचून गप्पा मारत, ओठ वाचूनच भांडत. गिरणी बंद पडली, सवय राहिली.

नाहूरला ते माझे शेजारी होते. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो, म्हणून ते मला 'पेपरवाले' म्हणत. गिरणी गेली तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. त्या वयात त्यांनी घाटकोपरच्या एका दुकानात जाऊन रेडिओ दुरुस्ती शिकून घेतली. "माग काय नि रेडिओ काय, तुटलाय कुठे ते शोधायचं," असे ते सांगत. दुरुस्त झालेला रेडिओ ते लगेच परत देत नसत. आधी तासभर चालू ठेवून समोर बसत. "आजारी माणसाला उठवून लगेच चालायला लावतात काय?" हे त्यांचे उत्तर ठरलेले होते.

त्यांचा पुतण्या आखातातून आला, तेव्हा त्याने काकांसाठी खिशात मावेल असा कॅसेट प्लेअर आणला आणि सोबत दोन्ही कान झाकणारा मोठा हेडफोन. परबांनी पहिली कॅसेट लावली ती वडिलांची. वडील गावच्या भजनी मंडळात झांज वाजवत. ते वारण्याच्या आदल्या वर्षी कुणीतरी देवळात मंडळाचे भजन टेप केले होते. परबांनी पाच मिनिटे ऐकले आणि हेडफोन काढून ठेवला.

"पखवाज आहे, पेटी आहे, बुवा आहेत. आमचे बाबा कुठे गेले?"

त्यांनी प्लेअर उघडला आणि निदान केले. एवढ्याशा यंत्राची ताकद एवढ्या मोठ्या हेडफोनला पुरत नाही. मध्ये आवाज वाढवणारे काहीतरी हवे. तेवढे बरोबरच होते. सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडला चार खेपा झाल्या. पेन्सिल सेलवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः जुळवला. पहिल्यांदा लावला तेव्हा त्यात गुणगुण आली. ती अडवायला धातूचे आवरण हवे होते. परबांनी फळीवरून आपला गिरणीतला जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा काढला, त्याला भोके पाडली आणि सगळी मांडणी आत बसवली. प्लेअरसाठी बाजूला कप्पा केला, खांद्यावर अडकवायला पट्टा लावला. "एकोणीस वर्षं ह्यातून भाकरी नेली," ते म्हणाले. "आता गाणं नेऊ."

डब्याला आणखी एक कारण होते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात टेपरेकॉर्डर जुळवत. तयार झालेला प्रत्येक टेपरेकॉर्डर शेवटच्या टेबलावर कानाने ऐकून मगच बाहेर जाई, आणि त्या टेबलासाठी माणूस हवा होता. परबांना ती जागा हवी होती. त्यांच्याकडे प्रमाणपत्र नव्हते. डबा हेच प्रमाणपत्र, असे त्यांनी ठरवले.

डबा पुरा झाला त्या रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावले. हेडफोन माझ्या कानांवर चढवला, वडिलांची कॅसेट लावली आणि माझ्या तोंडाकडे पाहत बसले. पखवाज खोल आणि स्वच्छ होता. पण झांज वाजली तेव्हा कानात सुई गेल्यासारखे झाले. माझे डोळे आपोआप मिटले.

"कसा आहे?"

"झकास," मी म्हणालो.

परबांचा चेहरा उजळला. "बाबा सापडले ना? मला बरोबर सापडले."

सुमनवहिनी, म्हणजे परबांची पत्नी, पदराला हात पुसत बाहेर आल्या. मजल्यावर कुणाच्या कुकरची शिट्टी झाली, हे त्या न पाहता सांगत. त्यांनी हेडफोन लावला आणि लगेच काढला.

"ही झांज नाय. पत्र्यार खिळो ओढल्यासारख्या वाटता."

"तुका काय कळता त्यातला?"

"माका नाय कळना. पेपरवाल्यांका विचारा. त्यांनी डोळे कित्याक मिटल्यानी?"

परबांनी मान वळवली आणि माझे ओठ काय म्हणतात याची वाट पाहिली. मी खरे सांगितले. वरचे सूर फार वाढले आहेत, कानाला टोचतात. परबांचा आवाज चढला नाही.

"पेपरवाले, तुमची चूक छापून आली तर दुसऱ्या दिवशी खुलासा देता तुम्ही. मी हा डबा घेऊन अंधेरीला गेलो असतो तर माझा खुलासा कुणी दिला असता?"

नोकरीच्या पुढच्या वर्षांत वरिष्ठांनी अनेकदा माझी कानउघाडणी केली. यापेक्षा नेमकी एकही आठवत नाही.

चूक हाताची नव्हती. मागांनी परबांच्या कानांतले वरचे सूर नेले होते, आणि ते गेल्याचे त्यांना कळलेच नव्हते. गावची झांज त्यांच्या आठवणीत होती तशी वाजेपर्यंत ते वरचे सूर वाढवत गेले. त्यांच्या कानांना जे बरोबर होते, ते बाकी सगळ्यांना असह्य होते. दोन दिवस डबा फळीवर पडून राहिला. तिसऱ्या दिवशी परबांनी तो उघडला आणि वरचे सूर कमीजास्त करणारे वेगळे बटण बसवले. मग हेडफोन वहिनींच्या हातात दिला.

"तू ऐक. मी फिरवतंय. बरा वाटला काय हात वर कर."

पाऊण तास हे चालले. वहिनींचा हात वर झाला तेव्हा परबांनी स्वतः ऐकून पाहिले. त्यांच्या कानांपुरती झांज गेली होती. त्यांनी पुन्हा विचारले, "हयच?"

"हयच. अगदी देवळात बसल्यासारख्या वाटता."

वहिनींनी कुंकवाचे बोट त्या जागी टेकवले. दुसऱ्या दिवशी परबांनी त्यावर लाल रंगाचा ठिपका पक्का केला.

अंधेरीला मुलाखतीला ते मला घेऊन गेले. कारण सरळ सांगितले: "साहेब तोंड फिरवून बोलला तर काय बोलला ते मला सांगायचं. जसंच्या तसं." तपासणी विभागाचे साहेब तरुण आणि मितभाषी होते. त्यांनी हेडफोन लावला, बटण उजवीकडे फिरवले, डावीकडे फिरवले आणि दोन्ही वेळा पुन्हा ठिपक्यावर आणून ठेवले.

"ही खूण कुणी केली?"

"मिसेसनी."

साहेब खिडकीकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले, "आणि तुम्हाला स्वतःला किती ऐकू येतं?"

परब त्यांच्या पाठीकडे पाहत होते. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मला तो बदलून सांगता आला असता. मी तो शब्दशः सांगितला.

"वरचे सूर येत नाहीत, साहेब," परब म्हणाले. "ते साळखात्यात ठेवून आलो."

"मग ऐकायच्या टेबलावर कसे बसणार?"

"नाही बसू शकत. गेल्या रविवारपर्यंत वाटत होतं, बसू शकतो." त्यांनी डब्याच्या ठिपक्यावर बोट ठेवले. "पण हे कान घरी आहेत. बोलावून बघा. चूक दाखवली की नवऱ्यालाही सोडत नाही."

साहेब पहिल्यांदाच हसले. पुढच्या आठवड्यात वहिनींना बोलावले. त्यांच्यासमोर तीन टेपरेकॉर्डर ठेवले. मधल्याची गती किंचित मंद आहे, हे त्यांनी गाण्याच्या पहिल्या ओळीतच ओळखले. टेबल त्यांना मिळाले. परबांना त्या कारखान्यात काही मिळाले नाही. सोल्डरिंगचे डाग द्यायच्या कामाला तिथे विशीतल्या मुली घेत.

हा पराभव आहे असे परबांना वाटल्याचे मी कधी पाहिले नाही. त्यांनी घरीच टेबल मांडले आणि दाराबाहेर पाटी लावली: 'रेडिओ, टेप दुरुस्ती. तपासणी सायंकाळी सातनंतर.' सातला वहिनी कामावरून येत. दिवसभर परब जोडत. संध्याकाळी वहिनी चहा घेता घेता ऐकत आणि पास किंवा नापास सांगत. नापास झालेला रेडिओ परब मुकाट्याने पुन्हा उघडत. कुणी घाई केली तर सांगत, "थांबा. आमचे कान अंधेरीला गेलेत." हे सांगताना ते खुर्चीत थोडे ताठ बसत.

डबा कुणालाही ऐकायला मिळे. चाळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने तो एकदा तरी खांद्याला लावला असेल. अट एकच होती: बटण ठिपक्यावरून हलवायचे नाही. मी एकदा म्हणालो, "तुम्ही ऐकता तेव्हा तरी पुढे न्या. कोण बघतंय?"

"नको. खरा आवाज हा आहे. मला कमी येतो, ती माझी बाजू."

आणखी काही वर्षांनी परब आजारी पडले आणि त्यातून उठले नाहीत. त्यांच्या मागे मी वहिनींना भेटायला गेलो. डबा फळीवर होता, पट्टा नीट गुंडाळलेला. बटण मात्र ठिपक्याच्या बरेच पुढे होते, पार टोकाला. मी ते पाहिले हे वहिनींच्या लक्षात आले.

"मीच फिरवलंय," त्या म्हणाल्या. "हे गेले त्याच्या आदल्या दिवशी. ह्यांका हेडफोन लावलंय आनि बाबांची कॅसेट घातलंय. डोळे मिटलेले होते. मगे बोटा हलाक लागली, झांज वाजवतत तशी."

इतकी वर्षे त्या टेबलावर बसून त्यांनी एकही चुकीचा आवाज पास केला नव्हता.

"तेवढोच एक पास केलंय," त्या म्हणाल्या आणि बटण परत ठिपक्यावर आणून ठेवले.