चंदनापुरीच्या घाटातला दगड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको विचारायची, घाट आला की तुम्ही गप्प का होता? मी म्हणायचो, वळणांकडे लक्ष असतं. पन्नास वर्षं हेच उत्तर. आता विचारणारी राहिली नाही.

दुसरी मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. संगमनेरच्या एका वकीलसाहेबांकडे दोन मोटारी होत्या. जुनी उघडी, कापडी टपाची, हँडल मारून सुरू होणारी. ती शमुवेलमामा चालवायचे. मला गाडी त्यांनीच शिकवली. आणि नवी सेडान — बंद, काचांची, बटण दाबलं की सुरू. ती माझ्याकडे. जुनीत बसलं की सगळं ऐकू यायचं, इंजिन, वारा, रस्त्यावरचं माणूस. नवीचं दार लागलं की आत फक्त आपला श्वास.

साहेबांना एकच गाडी ठेवायची होती — म्हणजे एकच ड्रायव्हर. दोन्ही घाटात चढवून बघायच्या ठरल्या. साहेब आधीच घाटमाथ्यावर जाऊन बसले.

"म्हातारी पोचेल ना, मामा?" निघताना मी चिडवलं.

"तुझी नवरी अजून बोलंना गड्या! माझी शिव्या देत का हुईना, पोचती."

अर्ध्या घाटात माझ्या पुढे चाललेली जुनी तापली. मामा पाणी ओतायला उतरले. तिचा हातब्रेक नावालाच होता. अशा वेळी मागच्या गाडीवाल्यानं उतरून पुढच्या गाडीच्या चाकामागे दगड लावायचा, ही घाटातली रीत.

"दगड लावलास का रं?" बॉनेटमागून आवाज आला.

मी काच खाली केली. "लावला, मामा."

नव्हता लावला. का? अंगावर नवा पांढरा ड्रेस होता, हात मळले असते — एवढंच? की म्हातारी हरावी असं आत कुठेतरी वाटत होतं? मला अजून ठरवता येत नाही. मी काच वर केली.

पुढचं सगळं आवाजाशिवाय पाहिलं. गाडी हळूच मागे सरकली, माझ्या शेजारून गेली. मामा धावत आले, पायफळीवर चढले. त्यांचं तोंड उघडं होतं — काचेतून काहीच ऐकू आलं नाही. गाडी कठड्याला अडली. मामा डोक्यावर पडले.

साहेबांना मी सांगितलं, मामाच दगड नको म्हणाले.

मामा वाचले, पण तो दिवस त्यांच्या डोक्यातून पुसला गेला. माझं बोलणंच त्यांनी खरं मानलं. जुनी विकली. मी राहिलो.

एकदा खरं सांगायला त्यांच्या घरी गेलो. सपाट जमीन, तरी खाटेच्या चारी पायांना दगड लावलेले. पेटीला, पाळण्यालासुद्धा.

"माझंच चुकलं गड्या," ते म्हणाले. "तू लावत हुतास, मीच नको म्हनलो. आता इसरत न्हाई." मग मान तिरकी करून ऐकत राहिले. "घरंगळतंय कायतरी. तुला येतंय का रं ऐकू?"

येत होतं.

मी तसाच बाहेर आलो. माझ्या सायकलच्या चाकामागे दगड होता. मामा तर खाटेवरून उठलेच नव्हते.

त्यानंतर सेडानच्या बंद काचांत, प्रत्येक चढावर, मागच्या रिकाम्या सीटवरून घाटातला तोच प्रश्न यायचा — "दगड लावलास का रं?" मी उत्तर दिलं नाही. मामा गेले तेव्हाही नाही.

उत्तर एवढंच होतं — मामा, तुम्ही विचारलं होतंत. मी लावला म्हणालो. लावला नव्हता. माझं चुकलं.